परदेशातल्या इम्युनोथेरपीसाठी वर्गणी काढण्याआधी: नागपूरच्या मंडळांना आणि पतसंस्थांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहर व जिल्ह्यातील गणेशोत्सव मंडळे, समाजमंडळे, कर्मचारी पतसंस्था आणि रुग्णांसाठी वर्गणी गोळा करणारे सर्व कार्यकर्ते यांस

विषय: इम्युनोथेरपीसाठी रुग्णाला परदेशी पाठवण्याआधी मागायचे कागद आणि करायचा हिशेब

सप्रेम नमस्कार.

कोणाच्या घरी कॅन्सरचे निदान झाले की तुम्ही धावून जाता. रातोरात क्यूआर कोड फिरतो, मंडळाच्या शिलकीतून रक्कम निघते, पतसंस्थेचे संचालक तातडीची सभा घेऊन कर्ज मंजूर करतात. तुमच्यामुळे कितीतरी घरांत उपचार अर्ध्यावर थांबत नाहीत. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहीत आहोत.

अलीकडे मदतीच्या आवाहनांत ‘इम्युनोथेरपीसाठी परदेशी न्यायचे आहे’ हे शब्द वाढले आहेत. खाली एक गोल रक्कम असते: ४० लाख, ६० लाख, कधी एक कोटी. त्या रकमेत काय धरले आहे, औषधाचे नाव काय, डोस किती, तेच औषध नागपुरात मिळते का, हे सांगणारा कागद सहसा सोबत नसतो. आम्ही कॅन्सरच्या फार्मसीत, डे-केअर वॉर्डात, विमा कक्षात आणि बँकेच्या परकीय चलन विभागात काम करणारी माणसे आहोत. तो कागद रुग्णाच्या घरच्यांकडून कसा तयार करून घ्यायचा, ते खाली सविस्तर लिहिले आहे.

सर्वात आधी औषधाचे नाव विचारा. ‘इम्युनोथेरपी’ या एका शब्दाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी येतात आणि तिघींचा हिशेब वेगळा आहे. पहिली म्हणजे चेकपॉइंट इन्हिबिटर ही सलाईनमधून द्यायची औषधे: पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब, अ‍ॅटेझोलिझुमॅब, ड्युर्व्हालुमॅब, इपिलिमुमॅब. कॅन्सरच्या पेशी शरीराच्या संरक्षक पेशींना जो ब्रेक लावतात, तो ही औषधे सोडवतात. या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चे नोबेल मिळाले. दुसरी म्हणजे कार-टी, ज्यात रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून परत दिल्या जातात. तिसरी म्हणजे काही परदेशी खासगी क्लिनिक विकतात त्या डेंड्रायटिक सेल ‘लसी’ आणि एनके सेलची इंजेक्शने (दोन्ही शरीरातल्या संरक्षक पेशी).

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक कागदांवर पहिल्या प्रकारातलेच औषध असते. ते औषध बोस्टनमध्ये, सिंगापूरमध्ये आणि नागपुरात तेच आहे. पेम्ब्रोलिझुमॅबची १०० मिलिग्रॅमची व्हायल त्याच कंपनीची, २ ते ८ अंश तापमानात ठेवलेली, तशाच पद्धतीने पातळ करून अर्ध्या तासाच्या सलाईनमधून दिली जाते. त्यासाठी सहसा भरतीही व्हावे लागत नाही. जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसारखी रुग्णालये शहरात आहेत. परदेशी गेल्याने औषध बदलत नाही, बदलते ते बिल.

आता वेळापत्रक बघा, कारण परदेशवारीचा हिशेब इथेच कोलमडतो. पेम्ब्रोलिझुमॅबचा प्रमाणित डोस २०० मिलिग्रॅम दर ३ आठवड्यांनी, किंवा ४०० मिलिग्रॅम दर ६ आठवड्यांनी. पसरलेल्या आजारात औषध लागू पडत राहिले तर ते बहुधा २ वर्षांपर्यंत, म्हणजे ३५ डोसपर्यंत चालते. उपयोग होतो आहे की नाही हे कळायला पहिला स्कॅन साधारण ९ ते १२ आठवड्यांनी होतो. म्हणजे महिनाभरासाठी गेलेला रुग्ण दोन डोस घेऊन परत येतो, तेव्हा औषध लागू पडले का हे तिथल्या डॉक्टरांनाही माहीत नसते. उरलेले ३३ डोस त्याला नागपुरातच घ्यायचे असतात, आणि तोवर वर्गणी संपलेली असते.

आकडा मांडून पाहू. अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅबच्या २०० मिलिग्रॅमच्या एका डोसची कंपनीने जाहीर केलेली किंमत २०२४-२५मध्ये साडेअकरा हजार डॉलरच्या आसपास होती. हिशेबापुरता डॉलर ९० रुपये धरला तर एका डोसचे १० लाख ३५ हजार रुपये फक्त औषधाचे. वर्षात १७ डोस बसतात, म्हणजे पावणेदोन कोटी. यात डॉक्टरांची फी, सलाईन देण्याचा आकार, रक्ततपासण्या, स्कॅन, राहणे, जेवण, सोबतच्या माणसाचा खर्च काहीच नाही. ‘६० लाखांत अमेरिकेतली इम्युनोथेरपी’ म्हणजे प्रत्यक्षात चार-पाच डोस आणि विमानाचे तिकीट.

औषधाचे नाव कळल्यावर दुसरा प्रश्न: ते या रुग्णाला लागू पडण्याची शक्यता किती? हे औषध सगळ्यांना उपयोगी पडत नाही, आणि कोणाला पडेल याचा अंदाज काही तपासण्यांवरून बांधता येतो. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये पीडी-एल१ (तो ब्रेक लावणारे प्रथिन किती पेशींवर आहे) ही तपासणी लागते. हे प्रमाण ५० टक्के किंवा जास्त असलेल्या रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत ५ वर्षांनी पेम्ब्रोलिझुमॅब गटातले सुमारे ३२ टक्के हयात होते, केमोथेरपी गटातले सुमारे १६ टक्के. त्याच कॅन्सरमध्ये ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांतला बदल सापडला तर हे औषध एकटे फारसे काम करत नाही. तिथे गोळ्यांचा उपचार जास्त चांगला आणि कितीतरी सोपा असतो. आतड्याच्या कॅन्सरमध्ये एमएसआय किंवा एमएमआर (पेशीतली जनुकीय चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडली आहे का) बघतात. या तपासण्या हजारांत होतात, लाखांत नाही. त्यांचे रिपोर्ट फाइलमध्ये नसतील तर वर्गणीचे आवाहन काढण्याआधी ते करून घ्या.

तपासणीसाठी बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक लागतो. हा मेणाचा छोटा चौकोन असतो, आत रुग्णाच्या गाठीचा तुकडा. तो ज्या लॅबमध्ये बायोप्सी झाली तिथून लेखी अर्ज देऊन मिळतो. घेताना ब्लॉकवरचा क्रमांक आणि रिपोर्टवरचा क्रमांक जुळवून पाहा. दोन आकडे उलटसुलट झाले तर दुसऱ्याच माणसाच्या गाठीचा रिपोर्ट हाती येतो. मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, तो ब्लॉक उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. पॅराफिन ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान वितळते आणि बंद गाडीत उन्हाखालचा पृष्ठभाग तिथवर सहज पोचतो. थर्माकोलच्या डब्यात, सावलीत न्या. ब्लॉकऐवजी नुसत्या कापलेल्या काचा पाठवायच्या असतील तर त्या ताज्या असू द्या. काही महिने पडून राहिलेल्या काचांवर पीडी-एल१ प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. सगळा ब्लॉक एकाच लॅबला देऊन टाकू नका, पुढे आणखी तपासण्या लागू शकतात.

मग दुसरे मत. त्यासाठी विमान पकडावे लागत नाही. टाटा मेमोरिअल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड यांच्याशी जोडलेली ‘नव्या’ ही सेवा कागदपत्रे ऑनलाइन मागवून तज्ज्ञांचे लेखी मत देते. परदेशी रुग्णालयेही बहुधा व्हिडिओवर मत देतात आणि त्याची फी प्रत्यक्ष जाण्याच्या तुलनेत किरकोळ असते. कुठेही पाठवा, स्कॅन मोबाइलवर काढलेल्या फोटोत पाठवू नका. रेडिओलॉजी विभागातून डायकॉम स्वरूपातली (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइलींची) सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागा. बायोप्सी रिपोर्ट, आजवर दिलेल्या केमोची औषधे, डोस आणि तारखा, रेडिएशनचा सारांश, शेवटचे पेट-सीटी एवढे एका पीडीएफमध्ये तारखेच्या क्रमाने लावा. अर्धवट फाइलवर आलेले मतही अर्धवटच असते.

नागपूरसाठी एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी. इथे खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) आहे आणि त्यापायी तोंडाचा कॅन्सर घरोघरी पोचला आहे. पुन्हा उलटलेल्या किंवा बरा न होणाऱ्या तोंड-घशाच्या कॅन्सरवर टाटा मेमोरिअलच्या डॉक्टरांनी १५१ रुग्णांत एक चाचणी केली आणि ती जागतिक पातळीवरच्या नियतकालिकात छापून आली. मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तोंडाने घ्यायच्या कमी डोसच्या औषधांसोबत एका गटाला दर ३ आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. एका वर्षाने नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के रुग्ण हयात होते, निव्होलुमॅब मिळालेल्या गटात ४३.४ टक्के. मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण जितके जगले तो काळ) ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेले. हा बरा होण्याचा उपाय नाही. पूर्ण डोसशी तुलनाही त्या चाचणीत नव्हती. पण खर्चाचा फरक बघा: प्रमाणित डोस २४० मिलिग्रॅम दर २ आठवड्यांनी, म्हणजे ६ आठवड्यांत ७२० मिलिग्रॅम. या पद्धतीत ६ आठवड्यांत ४०. अठरावा हिस्सा. खर्रा सोडलेल्या चाळिशीतल्या बापासाठी तुम्ही पावती पुस्तक काढत असाल, तर त्याच्या डॉक्टरांना हा पर्याय बसतो का, हे विचारल्याशिवाय पासपोर्टचा अर्ज भरू नका.

४० मिलिग्रॅमच्या व्हायलमधून २० मिलिग्रॅमचे दोन डोस निघतात. म्हणून डे-केअरमध्ये असे दोन रुग्ण एकाच दिवशी बोलावतात आणि एक व्हायल दोघांत वाटतात. हे काम निर्जंतुक कक्षात, फार्मासिस्टच्या देखरेखीखाली, त्याच दिवशी व्हावे लागते. उरलेले औषध घरच्या फ्रिजमध्ये ठेवून तीन आठवड्यांनी वापरता येत नाही. पेम्ब्रोलिझुमॅबचेही तसेच. मेलानोमासाठी ते सुरुवातीला मंजूर झाले तेव्हा डोस वजनावर होता: किलोमागे २ मिलिग्रॅम. ५० किलोच्या रुग्णाला त्या हिशेबाने १०० मिलिग्रॅम, म्हणजे दोनऐवजी एकच व्हायल. वजनावर डोस द्यायचा की ठरावीक २०० मिलिग्रॅम, हा निर्णय कॅन्सरतज्ज्ञाचा. पण प्रश्न विचारण्याचा हक्क घरच्यांचा आहे, आणि विचारला तर बिल निम्मे होऊ शकते. निव्होलुमॅबचे बायोसिमिलर (दुसऱ्या कंपनीने बनवलेले तसेच औषध) मिळते का, हेही त्याच भेटीत विचारा.

किमती कमी करणाऱ्या आणखी गोष्टी आहेत. केंद्राने १ एप्रिल २०२३पासून पेम्ब्रोलिझुमॅबवरचे मूळ सीमाशुल्क माफ केले आणि जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात ड्युर्व्हालुमॅबवरचे. २२ सप्टेंबर २०२५पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि अ‍ॅटेझोलिझुमॅबवर तो शून्य झाला. कोटेशन जुने असेल तर नवे मागा. बऱ्याच कंपन्यांचे रुग्ण सहाय्य कार्यक्रम आहेत: ठरावीक डोस विकत घेतले की पुढचे काही मोफत. नोंदणी पहिल्या डोसच्या आधी, डॉक्टरांमार्फत करायची असते आणि बिले भारतातल्या अधिकृत वितरकाची लागतात. पहिले डोस परदेशात घेतले की या कार्यक्रमातला फायदा बहुधा हातचा जातो. असे झालेले पुष्कळ आहे.

विम्याबाबत घरच्यांचा गोंधळ सर्वात जास्त असतो. विमा नियामकाने २०१९मध्ये ज्या १२ आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळायचे नाही असे सांगितले, त्यांत इंजेक्शनने द्यायची मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे हीच इम्युनोथेरपी आहे. पण कंपनीला त्यावर उपमर्यादा घालता येते. १० लाखांच्या पॉलिसीत इम्युनोथेरपीला अडीच किंवा पाच लाखच मिळतील असे कलम असू शकते. पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘आधुनिक उपचार’ हे शीर्षक शोधा. परदेशातला उपचार साध्या पॉलिसीत नसतोच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, तेही संलग्न रुग्णालयातल्या ठरलेल्या पॅकेजपुरते. रुग्णाचे औषध त्या पॅकेजमध्ये बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेचे काम पाहणाऱ्या माणसाकडून) लेखी घ्या. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमो योजनेतून झाले तरी वर्गणीचा पैसा औषधासाठी वाचतो.

कार-टीची गोष्ट वेगळी. अमेरिकेत पहिली कार-टी २०१७मध्ये मंजूर झाली तेव्हा तिची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती. वरच्याच दराने सव्वाचार कोटींहून अधिक. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ला ऑक्टोबर २०२३मध्ये भारतात परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ला राष्ट्रपतींच्या हस्ते ती रुग्णांसाठी खुली झाली. तिची किंमत तेव्हा ४० लाखांच्या घरात सांगितली जात होती. ती बी-पेशींच्या लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी आहे, कारण ती सीडी१९ ही खूण असलेल्या पेशींनाच शोधते. तोंडाच्या, स्तनाच्या, फुप्फुसाच्या कॅन्सरला तिचा उपयोग नाही. मोबाइलवरचा व्हिडिओ बघून ‘कार-टीसाठी नेतो’ असे कोणी म्हणाले, तर आजाराचे नेमके नाव आधी विचारा.

कार-टीच्या अंदाजपत्रकात फक्त उत्पादनाची किंमत असेल तर ते अपुरे आहे. पेशी काढण्याची अफेरेसिस, त्या तयार होईपर्यंतची काही आठवड्यांची केमो, पेशी देण्याआधीची फ्लुडाराबिन-सायक्लोफॉस्फमाइड ही केमो, नंतरची भरती, साइटोकाइनचा (प्रतिकारशक्तीच्या रसायनांचा) भडका उडाला तर आयसीयू आणि तो शमवणारे टॉसिलिझुमॅब, पुढे कित्येक महिने लागू शकणारे इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडी), आणि रुग्णालयाजवळ काही आठवडे राहणे, हे सगळे वेगवेगळे विचारा. मुंबईत केले तरी हा खर्च आहेच. परदेशात तो परकीय चलनात आहे.

तिसऱ्या प्रकाराबद्दल आम्ही स्पष्ट बोलतो. युरोपातली काही खासगी क्लिनिक रक्त घेतात, आठवडा-दहा दिवस पेशी वाढवतात, डेंड्रायटिक सेलचे इंजेक्शन देतात आणि हजारो युरो घेतात. जपानमध्ये २०१४पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे क्लिनिकला अशा उपचाराचा आराखडा सादर करावा लागतो. आराखडा सादर झाला म्हणजे उपचार गुणकारी ठरला असे मुळीच नाही, पण जाहिरातीत तो ‘सरकारमान्य’ म्हणून दाखवला जातो. अशा ठिकाणाहून पत्र आले असेल तर तीनच गोष्टी लेखी मागा: उपचाराचे नेमके नाव, या कॅन्सरसाठी त्याला कोणत्या देशाच्या औषध नियामकाची विक्री परवानगी आहे, आणि तुलनात्मक चाचणीचा छापील निबंध. ‘ही आमची स्वतःची पद्धत आहे’ असे उत्तर आले तर समाजाचा पैसा तिथे पाठवू नका. ‘क्लिनिकल ट्रायल आहे, ३० लाख भरा’ असे कोणी सांगितले तरी तेच करा. खऱ्या चाचणीत प्रयोगाचे औषध रुग्णाला विकत घ्यावे लागत नाही. भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येतात.

मग परदेशी जायला हवे असे कोणीच नसते का? असते. तिथल्या चाचणीत निवड झाल्याचे पत्र ज्याच्या हातात आहे तो. इथे न मिळणाऱ्या पेशी-उपचाराची ज्याला खरोखर गरज आहे तो, उदाहरणार्थ फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेत मेलानोमासाठी मंजूर झालेली टीआयएल पद्धत (गाठीतल्याच संरक्षक पेशी वाढवून परत देणे), जिची किंमत तेव्हा ५ लाख १५ हजार डॉलर होती. मंजूर पण भारतात विक्रीला नसलेले औषध असेल तर आधी आणखी एक वाट तपासा. फॉर्म १२-ए भरून केंद्रीय औषध नियंत्रकांकडून १२-बी परवाना घेतला की वैयक्तिक वापरासाठी औषध मागवता येते. अशा वेळी रुग्ण धंतोलीतल्या आपल्या नेहमीच्या डे-केअरमध्ये असतो आणि प्रवास फक्त औषध करते.

जायचेच ठरले तर त्या रुग्णालयाच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडून सुटे सुटे अंदाजपत्रक घ्या. ‘पॅकेज’ हा शब्द स्वीकारू नका. त्यात औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम, डोसची संख्या, सलाईन देण्याचा आकार, सल्ल्याची फी, बायोप्सी पुन्हा तपासण्याची फी, स्कॅन, आयसीयूचा एका दिवसाचा दर, अनामत रक्कम, उरलेली अनामत किती दिवसांत आणि कोणाच्या खात्यावर परत येते, आणि हा दर कोणत्या तारखेपर्यंत चालेल, एवढे हवे. परत करायची अनामत बहुधा जिथून आली त्याच खात्यावर जाते. मंडळाने थेट पाठवली की घरच्यांनी, हे म्हणून आधीच ठरवा.

पैसे पाठवण्याची पद्धत घाईत चुकते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. उपचारासाठी डॉक्टर किंवा रुग्णालयाचे अंदाजपत्रक दाखवून त्याहून जास्तही. पॅन सक्तीचा आहे. परदेशी पैसे पाठवण्याच्या फॉर्म ए-२ वर कारणाचा कोड बघून भरा: उपचारासाठीच्या प्रवासाचा कोड एस०३०४ आहे. चुकून साध्या सहलीचा कोड पडला तर वरच्या दराने टीसीएस (बँकेने आगाऊ घ्यायचा आयकर) कापला जातो. १ एप्रिल २०२५पासून एका पॅनवर वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस नाही. कापलेली रक्कम बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर वळती होते किंवा परत मिळते, पण गरज असते तेव्हाच ती अडकून पडते. शुल्काच्या रकान्यात ‘अवर’ (OUR, म्हणजे सगळे शुल्क पाठवणारा भरतो) निवडा. नाहीतर वाटेतल्या बँका आपापले शुल्क कापतात, रुग्णालयात थोडे डॉलर कमी पोचतात आणि अनामत अपुरी म्हणून भेटीची वेळ पुढे जाते. बँकेचा दर आणि त्या दिवसाचा बाजारातला दर यांतला फरक विचारा. मोठ्या रकमेला तो कमी करून मिळतो.

परदेशातल्या नागपूरकर मुलांकडून वर्गणी घेताना जपा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून दिलेली मदत परकीय योगदान धरली जात नाही. अमेरिकी नागरिक किंवा ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचा परदेशी नागरिक) झालेल्याची धरली जाते आणि त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परकीय योगदान कायद्याखालची नोंदणी लागते, जी मंडळांकडे नसते. अशी मदत रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकाने थेट कुटुंबाला करावी. नातेवाइकांकडून वर्षाला १० लाखांपर्यंत सरकारला न कळवता घेता येतात. मंडळाच्या खात्यात ती घेऊ नका. आणि सार्वजनिक वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, हे गणेशोत्सवामुळे तुम्हाला आमच्याहून जास्त माहीत आहे.

व्हिसासाठी इथल्या डॉक्टरांचे परदेशी उपचाराची गरज सांगणारे पत्र, तिथल्या रुग्णालयाचे खर्च व कालावधीचे पत्र आणि पैसे कोण देणार याचा पुरावा लागतो. अमेरिकेची मुलाखत मुंबईत होते. रुग्णाच्या खात्यात अचानक मोठी रक्कम आलेली दिसली की प्रश्न येतात. मंडळाच्या ठरावाची प्रत इंग्रजीत करून सोबत द्या.

परत आल्यानंतरचा भाग सगळ्यांत दुर्लक्षित आहे आणि माणसे तिथे दगावतात. ब्रेक सुटलेली प्रतिकारशक्ती कधी कधी स्वतःच्याच अवयवांवर उलटते: आतडे, फुप्फुस, यकृत, थायरॉइड, पिट्युटरी, क्वचित हृदय. हे शेवटच्या डोसनंतर कित्येक महिन्यांनीही होऊ शकते. मेलानोमाच्या एका मोठ्या चाचणीत निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र दिलेल्या निम्म्याहून जास्त रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाले. नागपुरात एप्रिल-मेमध्ये अशा रुग्णाला जुलाब सुरू झाले की घरचे म्हणतात ऊन लागले, कांद्याचा रस आणि ओआरएस देतात, चार दिवस जातात. ती औषधाने आलेली आतड्याची सूज असेल तर तिला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागते, बहुधा दिवसाला किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, आणि ते चार ते सहा आठवड्यांत हळूहळू कमी करावे लागते. स्टेरॉइडने भागले नाही तर इन्फ्लिक्सिमॅब हे दुसरे औषध. कोरडा खोकला आणि दम लागणे, खूप थकवा, छातीत दुखणे, डोळे पिवळे होणे, यापैकी काहीही झाले तरी फॅमिली डॉक्टरांकडे जाताना ‘मला इम्युनोथेरपी दिली आहे’ हे पहिले वाक्य असले पाहिजे. औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवा. जाण्याआधीच नागपुरातला एक कॅन्सरतज्ज्ञ पुढची जबाबदारी घेणारा ठरलेला असावा आणि टीएसएच, कॉर्टिसॉल, साखर, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या, हिपॅटायटिस, एचआयव्ही, ईसीजी आणि क्षयरोगाची चौकशी इथेच करून ठेवावी.

स्वस्तात व्हायल मिळवून देणाऱ्या ओळखीच्या माणसापासून सावध राहा. मार्च २०२४मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली, जी महागड्या इम्युनोथेरपी औषधांच्या रिकाम्या व्हायल विकत घेऊन त्यांत बुरशीवरचे औषध भरून विकत होती. बिल अधिकृत वितरकाचे घ्या, बॅच क्रमांक डोसच्या नोंदीशी जुळवा, थंड पेटी उघडताना तापमान बघा आणि डोस झाल्यावर रिकाम्या व्हायलचे लेबल फाडून ती रुग्णालयाच्याच कचऱ्यात नष्ट झाल्याचे पाहा.

आता मागणे. कृपया वर्गणी एकरकमी देऊ नका, तीन हप्त्यांत द्या. पहिला हप्ता लगेच: तपासण्या, ब्लॉक, डायकॉम, लेखी दुसरे मत. दुसरा हप्ता औषधाचे नाव, डोस आणि सुटे अंदाजपत्रक हातात आल्यावर, आणि तेच औषध नागपूर-मुंबईत किती पडते याचा आकडा त्याच पानावर शेजारी लिहिल्यावर. दोन्ही आकडे पाहून घरचे जे ठरवतील त्याला साथ द्या. तिसरा हप्ता, एकूण रकमेच्या निदान पाव हिस्सा, मुदत ठेवीत राखून ठेवा, परत आल्यानंतरच्या भरतीसाठी. परदेशी जाणार असतील तर त्यातूनच एक कठीण तरतूद करावी लागते: रुग्ण तिथे दगावला तर मृतदेह आणण्यासाठी स्थानिक मृत्यू दाखला, एम्बाल्मिंगचा दाखला, भारतीय दूतावासाची परवानगी, रद्द केलेला पासपोर्ट आणि विमान कंपनीचे मालवाहतूक भाडे लागते. हे घरच्यांशी बोलणे जड जाते. मंडळातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने जाण्याच्या आधीच, रुग्ण समोर नसताना, ते बोलून घ्यावे आणि दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक सोबत जाणाऱ्याच्या मोबाइलमध्ये नोंदवून द्यावा.

आपले,
कॅन्सर फार्मसी, डे-केअर, विमा कक्ष आणि परकीय चलन विभागात काम करणारे काही नागपूरकर